कचरा न देणारं घर

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
ता. ४ फेब्रुवारी २०२५

ती. त्रिंबकदादास,
बानाचा सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण तुला फोनवर ऐकू येत नाय, मग वहिनी मधी पडते आणि माझं म्हणणं तिच्या पद्धतीनं तुला सांगते. म्हणून लिहिते. कागद शेडमधला आहे. मागं कुणाच्या तरी क्लासची जाहिरात आहे, ती वाचू नको.

मंजुषासाठी तू आणलेलं स्थळ. मुलगा शिवराज वाळूजला कंपनीत, आई सुलेखाबाई विधवा, घरात दोघंच, घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडं. तू लिहिलंस तसंच सगळं आहे, मी चौकशी केली.

पण मी अकरा वर्षं सुक्या कचऱ्याच्या शेडवर निवडायला बसते. माणूस पाहुण्यासमोर खोटं बोलतो, कचऱ्यात बोलत नाय. पोळ्या फेकणारं घर, गोळ्या-औषधाचं घर, बाटली पेपरात गुंडाळून वरून गाठ मारणारं घर, मला सगळी पाठ आहेत. आमच्या सरूबाईच्या भाचीचं स्थळ मी एका पोत्यावरून मोडलं. नंतर तो माणूस कसा निघाला ते सगळ्या गल्लीनं बघितलं.

सरूबाई त्याच गल्लीच्या घंटागाडीवर असते. तिला म्हणलं, ह्या घराचा कचरा आठ दिवस माझ्यासाठी वेगळा ठेव. आठ दिवसांनी ती मोकळ्या हातानं आली. म्हणाली ते घर कचरा देतच नाय. महिन्यातून एकदा मूठभर पिशवी, ती पण धुतलेली.

दादा, ज्या घरातून कचरा निघत नाय तिथं मी पोरगी देणार नाय. एक तर ते खात नाहीत, नाय तर लपवतात. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले तुझं तू बघ. लग्न झाल्यापासून हे एवढंच म्हणतात. तू त्या लोकांना काय ते कळव.

रागावलास तर रागाव, पण माया कमी करू नको.

तुझी,
बाना


फर्दापूर
ता. ८ फेब्रुवारी २०२५

चि. बानास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मागची जाहिरात वाचली. तीस दिवसांत इंग्रजी. तुझी वहिनी विचारते, खरंच होतं का.

लोक स्थळ बघताना शेत बघतात, पगार बघतात, फार तर पत्रिका बघतात. तू पोतं बघतेस. आबांनी तुझं लग्न ठरवताना तुझ्या सासऱ्याच्या मेंढीची लोकर चिमटीत धरून बघितली आणि होकार दिला. काय वाईट झालं? आणि आपल्या घरातून तरी कचरा कुठं निघायचा? सालपटं शेळीला, चिंध्या वाकळीला, राख भांड्याला. आपण काय लपवत होतो?

मंजुषा सव्वीस वर्षांची झाली. दोन स्थळं तू आधीच मोडलीस. पोरगी तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून तिला काही वाटत नाही असं समजू नकोस. पाच माणसांत मी शब्द दिलाय. रविवारी तेवीस तारखेला मायलेक तुमच्याकडं मुलगी बघायला येणार.

त्यांना मी सांगितलंय की तू एका संस्थेत आहेस. खोटं नाही, शेड संस्थेचीच आहे.

लोभ आहेच, तो तपासत बसू नये.

तुझा,
त्रिंबकदादा


मुकुंदवाडी
ता. १४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला. मग म्हणलं, जाऊनच बघावं. सुलेखाबाईनं मला कधी बघितलेलं नाय, फोटो गेलाय तो मंजुषाचा. शेडचा एप्रन घातला, गळ्यात ओळखपत्र उलटं करून अडकवलं, वही घेतली आणि कचऱ्याची पाहणी आहे म्हणून आत शिरले. खोटं नाय. पाहणीच होती.

ओला कचरा गच्चीवर भोकाच्या ड्रममधी. नाक घालून बघितलं, नुसता मातीचा वास. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यानं लावलेल्या, शिवराजच्या शर्टाच्या शेजारी. जुन्या परकराची पुसणी. दात घासायचा ब्रश झिजला की शेगडीला, आणि त्याचे केस गळाले की त्याच दांड्यानं परकरात नाडी ओवायची. फिल्टरचं वाया जाणारं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला.

मला एक चूक सापडेना. त्याचंच भ्याव वाटलं. आमची मंजुषा घरात मुकी. तिनं दोडक्याची शीर फेकली तरी ही बाई तिला जन्मभर ऐकवणार, आणि पोरगी मान खाली घालून ऐकून घेणार. मी घरात तशीच आहे, म्हणून मला कळतं.

मग खाटेखाली चार पोती दिसली. म्हणलं, सापडलं. उघडली तर आत वेफरचे, बिस्किटांचे पुडे. उभे कापलेले, धुतलेले, वाळवून घड्या घातलेले. तीन वर्षांचे. आजूबाजूच्या घरांतून मागून आणलेले पण त्यात होते. ती म्हणाली, तुमची गाडी एक दिवस हे पण घ्यायला लागेल, तोवर ठेवते. लई अभिमानानं म्हणाली.

मी सांगून टाकलं. म्हणलं बाई, आतून चकचकीत असलेला पुडा भंगारवाला घेत नाय. तो भट्टीत जळायला जातो, धुतला काय नि नाय धुतला काय. ज्या गावात नळ आठ दिवसांनी येतो तिथं तीन वर्षं पाणी घातलंस.

ती खाटेवर बसली. एकेका पोत्याचं तोंड परत बांधलं. मग म्हणाली, बाहेर हो. वर माझं नाव विचारलं, तक्रार करायला. मी सरूबाई सांगितलं. आता सरूबाई माझ्याशी बोलत नाय.

रविवारी मी समोर येणार नाय. तू ये आणि मला ताप आलाय म्हणून सांग. आणि ह्या वेळी स्थळ मी मोडलं नाय, ते आपोआप मोडलंय.

शिव्या दे, पण उत्तर दे.

बाना


फर्दापूर
ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. बानास,
आशीर्वाद.

माझी कंबर धरली आहे, उठता येत नाही. मामा नाही आणि आईही नाही, असं चालणार नाही. तू समोर बसशील. एप्रन घालू नकोस.

जीव लावतो म्हणूनच बोलतो.

त्रिंबकदादा


मुकुंदवाडी
ता. २४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि. कंबरेला शेक दे.

काल झालं. दार मीच उघडलं. सुलेखाबाईनं मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, सरूबाई? मी म्हणलं बानाबाई, मंजुषाची आई. शिवराजला काही कळलं नाय, तो पाया पडला. पोरगा बरा आहे.

ती बसली. पोहे खाल्ले, बशीत शेंगदाणा ठेवला नाय. मी वाट बघत होते, आता उठते, मग उठते. ती बोलायला लागली. म्हणाली, दोन दिवस मी जेवले नाय, तिसऱ्या दिवशी चारही पोती गाडीवर देऊन टाकली. तीन वर्षांत ज्यांनी ज्यांनी ती पोती बघितली त्यांनी वा वा केलं. खरं एकीनंच सांगितलं, आणि तिनं पण नाव खोटं सांगितलं. मी म्हणलं, ते मी जरा सबुरीनं सांगायला पाहिजे होतं. माझ्याकडं ह्यापेक्षा जास्त माफी नव्हती.

मग तिनं मंजुषाला विचारलं, पिशव्या धुवायचा कंटाळा नाय ना. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण मंजुषाच बोलली. म्हणाली, दुधाची पिशवी धुईन, ओला-सुका वेगळा करीन. मुलगा मला पसंत आहे. पण आम्ही दोघं वाळूजला खोली घेऊन राहू. अकरा वर्षं एका बाईकडून कचऱ्याचं ऐकलं, आता दुसरीकडून ऐकायची माझ्यात ताकद नाय.

इतकं सलग ती जन्मात बोलली नव्हती. ह्यांनी सुद्धा मान वर केली. शिवराज हसला, मग आईकडं बघून थांबला.

सुलेखाबाईनं मला विचारलं, पोरगी गेली कुणावर? मी म्हणलं माहीत नाय, आमच्यात असं कुणी नाय.

दादा, मी उगाच आत गेले आणि भरलेला माठ पुन्हा भरला. मला भ्याव होतं ते एवढंच होतं, की ही ऐकून घेईल. पहिल्याच दिवशी, सासूच्या तोंडावर बोलली. बाहेर आले आणि होकार दिला. सुलेखाबाईनं भांड्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाली, वाळूजला खोली बघताना मी बरोबर येणार, मोरीला उजेड आहे का ते बघायला. तो तिचा होकार. तारीख वैशाखातली तू काढ.

जाताना ती दारात थांबली. म्हणाली, पोरं तिकडं गेल्यावर आपण दोघींनी बोलायचं कुणाला? मी म्हणलं, उद्या दुपारी या.

आता ती यायची वेळ झाली, म्हणून इथंच थांबते. वहिनीला नमस्कार, तुझ्यावर जीव आहे तेवढाच आहे.

तुझी,
बाना