कुटाचं भांडं

जयपूर, एकादशी, जानेवारी २००८

चिनूच्या ओठाची सूज उतरतेय. आत्ताच पुन्हा पाहून आले. इंजेक्शन वेळेवर मिळालं.

शेंगदाणा माझ्या लेकाला सोसत नाही. वर्गातली मुलं पीनट बटर आणतात, म्हणून मी आज हौसेने बदामाचं केलं. पोळीला लावून दिलं. दुसऱ्याच घासाला ओठ टम्म! बदामाने? कसं शक्य आहे?

मग मिक्सरचं भांडं आठवलं. सकाळी सासूबाईंनी उपासाच्या खिचडीसाठी त्यातच दाण्याचं कूट केलं होतं.

"आई, भांडं धुतलं नव्हतंत?" मी ओरडलेच.

"कुटाचं भांडं कोण धुतं गं? पुसून ठेवलं."

खरंच, मी तरी कधी धुते? ओल राहिली तर कूट खराब होतं, म्हणून पुसतेच की. मग त्यांच्यावर का ओरडले?

चिनू विचारतो, "मतलब, आता बदाम पण बंद?"

आता स्वयंपाकघरात डोकावले. भांडं लख्ख घासून उपडं घातलेलं. कुटाचा डबा रिकामा. सासूबाई बिनकुटाची, गोळा झालेली खिचडी खात होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अशीही बरी लागते."