सहाची अट

चामराजपेट, ४ ऑगस्ट २०२५

चि. दयानंद यास अ. उ. आ.

फोनवर तू ओरडतोस आणि ते मला सोडून साऱ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी मी परसात कोंबड्यांमागे धावताना घसरून पडले, अर्धा तास कुणाला कळलं नाही. तेव्हापासून प्रणीतची अट आहे: कोंबड्या सहाच. सातवी दिसली की घराला कुलूप आणि मी बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआरला, त्याच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटात. पोटचं पोर काळजीनंच बोलतं, पण तिथं मी दिवसभर करू काय?

तर आता नऊ झाल्या आहेत. सातवी खाटकाच्या पिंजऱ्यातून माझ्याकडेच बघत होती. आठवी तिला सोबत म्हणून आणली. नववीचा ठिपक्यांचा रंग बघून तूही थांबला नसतास. प्रणीत पुढच्या महिन्यात येऊन मोजणार आहे. काहीतरी सुचव.

आहे तेवढी माया कमी करू नकोस.

तुझी अक्का

सातारा, ११ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

अडुसष्टाव्या वर्षी दुखऱ्या पाठीनं स्वतः खुराडं बांधणारी बाई अख्ख्या आपल्या घराण्यात झाली नाही. मला तुझा अभिमान वाटतो, पण मोह आवर. तीन कोंबड्या गल्लीत वाटून टाक. चांगल्या टोपलीत घालून दे म्हणजे कुणी नाही म्हणणार नाही.

धाकट्यावर लोभ असू द्यावा, रागही चालेल.

तुझा दयानंद

चामराजपेट, १ सप्टेंबर

चि. दयानंद यास अ. उ. आ.

तुझी अक्कल कामाला लावली आणि फसले. भिंतीपलीकडचे महांतेश, वरची हर्षिता आणि कोपऱ्यावरचे श्रीवत्स, तिघांकडे एकेक कोंबडी दिली. पण दुसऱ्याची टोपली रिकामी परत करायची नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहेच. मला आवडतं काय, तर कोंबड्या. दोघांनी बाजारातून दोन-दोन पिल्लं आणून टोपलीत घातली, श्रीवत्सांनी एक. आता अकरा! शिवाय तिन्ही घरं रोज सकाळी खुराडं उघडायच्या वेळी काहीबाही विचारायला हजर असतात.

प्रणीत रविवारी येतोय. पिल्लं कोंबड्यांत धरतात का रे? मला खरंच भीती वाटते आहे. हे घर सुटलं तर मी टिकणार नाही.

देवापाशी माझ्यासाठी एक शब्द टाक.

अक्का

एचएसआर लेआउट, ७ सप्टेंबर

ती. दयानंदमामांस कृ. सा. न. वि. वि.

आज सकाळी सातलाच चामराजपेटला पोचलो. आईला रात्री कणकण होती म्हणून ती झोपून राहिली होती, खुराडं बंद. मी मोजायला परसात वळतो तोच महांतेश भिंतीवरून उतरले आणि मी कोण, अक्का कुठे आहेत, असं मलाच दरडावून विचारू लागले. पाठोपाठ हर्षिता थर्मामीटर घेऊन आली, श्रीवत्स गरम कांजी घेऊन आले. खुराडं वेळेवर उघडलं नाही, एवढ्यावरून तिन्ही घरं दहा मिनिटांत दारात. आईचा मुलगा मी आहे, हे त्यांना पटवायला मला जरा वेळच लागला.

आई पांघरुणातून माझ्याकडे बघत होती. मामा, तिचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि ती भीती माझ्यामुळे होती. मला फार लाज वाटली.

मी मोजलं नाही. तिच्या हातात माझ्याजवळची घराची किल्ली दिली आणि कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, की तू कुठंही जायचं नाहीस.

आपला लोभ तिच्यावर आहे तसाच माझ्यावरही असावा.

आपला प्रणीत