डावा हात खिशात

रविवार, २ तारीख

बारक्या आवाजाच्या माझ्या भावंडांनो! घसा फाटेपर्यंत साद घालूनही ज्यांना कुणी ओ देत नाही, दांडगी स्टेशने ज्यांच्या बोलण्यावरून रोलर फिरवतात, त्या तमाम हौशी रेडिओवाल्यांच्या वतीने मी आज या घरात पाऊल टाकले आहे!

बायको म्हणाली, ही रोजनिशी आहे, सभा नाही. आधी पलंगाचे स्क्रू शोधा.

घर झकास आहे. गच्चीवर अँटेनाचा मनोरा, खाली माळ्यावरची खोली आणि खोलीत घरमालकीणबाईंच्या दिवंगत यजमानांचा ॲम्प्लिफायर. आवाजाची ताकद वाढवणारी ही लोखंडी पेटी कपाटाएवढी आहे, आत दुधाच्या बाटल्यांसारखे दोन काचेचे व्हॉल्व्ह. शेजारी एक लाकडी काठी. टोकाला आकडा, आकड्याला जमिनीत गेलेली तांब्याची तार. पेटी बंद केल्यावरही आत वीज साठून राहते, ती या काठीने उतरवायची. खुंटीवर यजमानांचा कोट, डावा खिसा ओघळलेला. बाई सांगत होत्या, पेटीशी काम करताना त्यांचा डावा हात कायम खिशात असे. आम्ही रेडिओवाले सगळेच ते पाळतो. दोन हात टेकले तर वीज काळजातून जाते.

बायको हसून म्हणाली, कठीण आहे. आमचे हे दोन्ही हात उडवल्याशिवाय मीठसुद्धा मागत नाहीत.

बुधवार, ५ तारीख

रेडिओवर दूरच्या बेटावरचा एक डॉक्टर सापडला. म्हणाला, ऐकू येताय, पण भिंतीआडून. तेवढ्यात एका दांडग्याने मला मध्येच तुडवले. माफी नाही, काही नाही!

मी ताकद वाढवली. व्हॉल्व्हमधल्या पट्ट्या तांबूस झाल्या. पट्टी लाल होणे म्हणजे व्हॉल्व्हने गयावया करणे, हे मला पुरते ठाऊक आहे. पण डॉक्टर म्हणाला, आता शेजारी बसल्यासारखे बोलताय. आयुष्यात प्रथमच दांडगा गप्प बसला.

बोलून थांबलो, तर माझाच आवाज परत आला. शब्दन्‌शब्द. लहरी कधीकधी अशा उशिरा परततात, हे वाचले होते. खूश झालो.

शनिवार, ८ तारीख

फ्यूज सारखा उडतो. घरात जाड तार नव्हती, म्हणून काठीची तांब्याची तार सोडवून फ्यूजच्या जागी बसवली. व्हॉल्व्ह फार तापतात, म्हणून पेटीचे दार उघडे ठेवले. दार उघडताच वीज तोडणारी कळ आहे, ती दाबून वर चिकटपट्टी लावली. या मर्यादा आखल्या कुणी? ज्यांना कधी ओरडावे लागले नाही, त्यांनी!

पट्ट्या आता निखाऱ्यासारख्या. माझे बोलणे परत आले. शेवटी एक शब्द जास्त होता, माझ्याच आवाजात: ‘अजून.’

मी तो बोललो नव्हतो.

सोमवार, १० तारीख

अजून ताकद वाढवली. पेटीतून जळका वास आला, मग थांबला. आज आवाज आधी येत होता, मी मागून बोलत होतो. जणू कुणी मला सांगत होते आणि मी म्हणत होतो.

वास घेत बाई वर आल्या. चिकटपट्टी पाहून खुर्चीवर बसल्याच. यजमान इथेच चिकटले, म्हणाल्या. धाकटे दीर त्यांना ओढायला धावले. दोघेही गेले. खाली जाताना बाईंनी मला एवढेच विचारले, तुम्हाला वाचवायला कोण धावेल?

बायको. दुसरे कोण.

मंगळवार, ११ तारीख

तिला वचन दिले. पेटी बंद. घराचा मेन स्विचही पाडला. तिने शाळेत शिकवायला जाताना माझा डावा हात धरून खिशात घातला — असाच ठेवा म्हणाली.

पण पेटीवरच्या व्होल्टमीटरचा काटा खाली येत नाही.

तो वास — साठलेली वीज जिरवणारा रेझिस्टर जळाला. मीच जाळला. काठी आहे, पण तार फ्यूजमध्ये —

संध्याकाळ

रिसीव्हरची वायर काढून माझ्या हातात आहे. तरी स्पीकर बोलतो. माझ्या आवाजात. मग जिन्यावर तिची पावले — स्पीकरमध्ये. तिची हाक. किंकाळी.

ती अजून शाळेतून आलेली नाही.

ती येण्याआधी ही वीज उतरवायला हवी. तार काढायची, काठीला जोडायची. एकाच हाताने. वही हाताशी उघडी ठेवतो, दारातून तिला दिसेल अशी —

काटा वर चढतोय. मेन बंद आहे, तरी —

खरी पावले. जिन्यावर. ओरडलो, थांब! ती हसते, म्हणते, पुन्हा भाषण का.

माझा डावा हात खिशात नाही. ओरडताना केव्हा — पेटीच्या कडेवर आहे. निघत —

वाच. मी पडलो तरी आत येऊ नकोस. मला हात लावू न—