मोहोळच्या अलीकडचा फोटो

सोलापूर, मंगळवार

प्रिय मल्हार,

परवा माझ्या मोबाइलवर तुझ्या गाडीचं चलान आलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो आई, हो आई" करून ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

मोहोळच्या अलीकडे, वेग एकशे एकवीस. गाडी अजून माझ्या नावावर आहे, त्यामुळे तू कुठून कसा गेलास ते मला सरकार कळवतं. तू कळवत नाहीस. उन्हाळ्यापासून हे पाचवं. पाचही वेळा तू पूनमच्या माहेरी, मंद्रूपला निघाला होतास. माझ्याकडे येताना तुला आजवर एकही चलान झालेलं नाही. दिवाळीला आलास तेव्हा टेंभुर्णीला चहा, मोहोळला पुन्हा चहा, पुण्याहून साडेपाच तास. आई काय, घरीच असते.

बायपास झाला तेव्हा तू खुशीत म्हणालास, "आता सोलापुरात शिरायलाच लागत नाही." त्या सोलापुरात मी राहते.

घरच्या ग्रुपवर तू लिहिलंस की रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, मर्यादा मात्र जुनीच. शंभरची एकशे वीस करायला हवी. तुझ्या सासूबाईंनी, काशम्मांनी, लगेच टाळ्यांचं चित्र टाकलं. मी तीस वर्षं गणित शिकवलं, मी टाळ्या वाजवत नाही. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर धर. शंभरनं अडीच तास, एकशे वीसनं दोन तास पाच मिनिटं. सगळा रस्ता मोकळा मिळाला तरी वाचणार पंचवीस मिनिटं. त्यासाठी गाडी सेकंदाला तेहतीस मीटर पळवायची, आणि समोरून उलट्या बाजूनं उसाचा ट्रॅक्टर आला, दुभाजकाच्या फटीतून मोटारसायकल घुसली, तर काय करायचं? मर्यादा वाढवू नये, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. शिवाय त्या पंचवीस मिनिटांचं तू काय करणार आहेस? माझ्याकडचा चहा तेवढ्यात होतो.

तुझ्या लग्नात काशम्मा मला म्हणाल्या होत्या, "आता तुमचा मल्हार आमचा बी की, बाई!" मी हसले होते. मागच्या महिन्यात आपल्या गल्लीतला गौस टेम्पो घेऊन मंद्रूपच्या बाजारात गेला होता. येऊन म्हणतो, "टीचर, साहेब दिसले की तितं. सासूबाईंची पिशवी धरून फिरत हुते, लई खूश!" मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत नव्हतं. माझी पिशवी तू कॉलेजात गेल्यापासून धरलेली नाहीस.

आता खरं लिहिते. चलानासोबत आलेल्या फोटोत तुझ्या शेजारी, तुमच्याकडून मंद्रूपला परत निघालेल्या काशम्मा आहेत आणि त्यांच्या मांडीवर दोन वर्षांची राजेश्वरी. मी आधी मांडी कुणाची ते पाहिलं. आकडा नंतर वाचला. आणि पोरीला पट्टा नाही, हे माझ्या डोक्यात यायला संध्याकाळ झाली. दिवसभर मी जळत बसले होते, मल्हार, आणि नात काचेपासून हातभर अंतरावर होती. त्या संध्याकाळी मला माझीच लाज वाटली. गाडी नावावर करून दे, असं तू तीनदा म्हणालास आणि मी टाळलं. शोरूममध्ये तू म्हणाला होतास, "पहिली गाडी आईच्या नावावर," ते मी कारण म्हणून पुढे करत आले. खरं कारण ही चलानं. तुझी खबर मला दुसरीकडून येत नाही. पण अशी खबर आता नको. यापुढे फोटो तुला येतील, तूच बघ. राजेश्वरीला मागच्या सीटवर, खुर्चीत, पट्टा लावून बसव. मंद्रूपला जा, पण शंभरच्या आत. माझ्याकडे येतानाही शंभरच्या आतच. टेंभुर्णीचा चहा तेवढा वगळ.

तुझीच,
आई

गौसच्या टेम्पोतून पाठवलं: गाडीचं आरसी, नाव बदलायचे फॉर्म सह्या करून, दुसरी किल्ली. राजेश्वरीची गाडीत बसायची खुर्ची, तिच्या पहिल्या वाढदिवसाला आणलेली, खोकं न फोडलेलं. मिळाल्याची सही गौसजवळ दे. स्वतः आणून दिलीस तरी चालेल.