छत्तीस टाक्यांचा पाणघोडा

सोमवार, ३

पोचले. गाडी वेळेवर, सामान शाबूत, आणि स्टेशनवर जावई हातात पाटी धरून उभा. पाटीवर ‘क्रांतिकारक आजी’. येणारे-जाणारे हसत होते. चाळीस वर्षं कामगारांच्या सभांतून घसा फोडला, त्याचं हे फळ! वरवर रागावले, मनातून आवडलं.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोनच महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेलं, प्रकाश भरपूर. खाली एका शिंपीणबाईंचं दुकान असल्यामुळे दिवसभर मशीनची घरघर जमिनीतून तळपायांना जाणवते. लेकीला नववा लागलाय. सोफ्यावरून उठायचं तर आधी घोषणा करते, मग हात पुढे करते, मग आम्ही दोघं ओढतो.

बाळाला काय आणलंस, तिने आल्या आल्या विचारलं. मी म्हणाले, पुस्तकं. ती म्हणाली, आई, ते आधी वाचणार नाही, आधी चावणार आहे. मुद्दा बिनतोड होता. मग मी माझ्या हातांनी एक प्राणी विणून देईन, असं तिथल्या तिथे जाहीर केलं. मी जाहीर केलेलं मागे घेत नाही हे तिला ठाऊक आहे, त्यामुळे तिने कपाळाला हात लावला.

बुधवार, ५

प्राणी ठरला: पाणघोडा. पसंती लेकीची. म्हणाली, सध्या आरशात तोच दिसतो, तेवढीच ओळख राहील.

वाचनालयातून नमुन्यांचं पुस्तक आणलं. कृती सरळ आहे. सहा टाक्यांचं कडं करायचं, मग दर फेरीला सहा वाढवत छत्तीसपर्यंत जायचं. मग छत्तीसाच्याच दहा फेऱ्या, हे पोट. मग दर फेरीला सहा कमी करत कापूस भरून तोंड बंद. सगळं मुक्या खांबाने, म्हणजे क्रोशाच्या सगळ्यात बुटक्या टाक्याने. फेऱ्या गोगलगायीसारख्या गोल फिरत जातात, मध्ये कुठे सांधा नाही. इतिहास शिकवलेल्या बाईला छत्तीसपर्यंत मोजणं अवघड जाऊ नये.

लोकरही घरातच सापडली. माझ्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर आधीच्या भाडेकरणीची पिशवी राहून गेली होती. राखाडी, मऊ, उत्तम लोकर. सोबत अर्धवट विणलेलं काहीतरी, खोल वाटीसारखं, आणि पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एकाखाली एक ‘३७’, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. लेक म्हणाली, आई, परक्याचं कशाला, नवी आणू. मी तिला उधळपट्टीवर दहा मिनिटं ऐकवलं. मग ती वाटी उसवली आणि धागा गुंड्याला गुंडाळला. उसवलेली लोकर जुन्या टाक्यांचे वळसे सोडत नाही, कुरळीच राहते. खरं तर गरम पाण्यातून काढून, वजन लावून वाळवायची असते. कोण एवढं करत बसतो!

शुक्रवार, ७

सदतीस.

तीनदा उसवलं, तीनदा विणलं. पाचव्या फेरीपर्यंत हिशेब चोख. सहाव्या फेरीला छत्तीस हवेत, येतात सदतीस. चष्मा बदलला, खिडकीपाशी बसले, प्रत्येक टाका मोठ्याने मोजला. सदतीस. जावई म्हणाला, आई, एखादा टाका इकडेतिकडे झाला तर पाणघोडा तक्रार करणार नाही. मी म्हणाले, असंच म्हणत म्हणत पूल पडतात. तो हसत कामावर गेला. हसणं सोपं असतं.

रविवार, ९

बोटं सुजलीत. नऊ वेळा उसवून झालं. गिरणीच्या मालकाला एका टेबलाशी बसून नमवलंय मी, आणि हा एक टाका मला जुमानत नाही! सुई फेकली. ती सोफ्याखाली गेली. मग वाकून शोधावी लागली, त्याचा वेगळा राग.

लेकीचं एक मोजणं, माझं दुसरं. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलंय की दुपारी जेवून डाव्या कुशीवर तासभर पडायचं, बाळाच्या लाथा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. दहा भरल्या की पुरे. कमी पडल्या तर लगेच कळवायचं. रोज दहा भरतात, कधी कधी वीस मिनिटांतच. ती सोफ्यावरून चार, पाच म्हणते, मी खुर्चीतून तेवीस, चोवीस. दोघींची गफलत होते. मग ती हसते आणि मी उसवते.

मंगळवार, ११

खाली शिंपीणबाईंकडे गेले. बाई सुईसारखी आहे, बारीक आणि टोचणारी. माझं विणकाम उलटंसुलटं पाहून म्हणाली, ताई, हात सफाईचा आहे, पण जीव जास्त लावताय, खेळणं आहे ते, जाहीरनामा नाही. तिने तिचा उपाय सांगितला. जास्तीचा टाका असेल तर पुढच्याबरोबर एकात घ्यायचा, दोनाचा एक करायचा. वरून कुणाला कळत नाही. सगळ्याच करतात.

मी विचारलं, आधीची बाई कशी होती. मशीन थांबलं. म्हणाली, तीही असंच काहीतरी विणायची. दिवस भरत आले होते. हॉस्पिटलात गेली ती रिकाम्या हाताने परत आली, आणि आठवड्याने घर सोडलं. मग तिने मशीन पुन्हा सुरू केलं. लेकीला सांगणार नाही.

बुधवार, १२

लपवला. होय, मी! चुका चव्हाट्यावर मांडा म्हणून जन्मभर ओरडलेली बाई, आज दोन टाके एकात घेऊन मोकळी झाले. छत्तीस! पण पुढच्या फेरीत पुन्हा सदतीस. पुन्हा लपवला. पुन्हा सदतीस. पोटाच्या तीन फेऱ्या झाल्या, तीन लपवले. निदान स्वतःशी तरी प्रामाणिक राहावं म्हणून पुस्तकातल्या कृतीची नक्कल मी ज्या कागदावर केलीय, त्याच्या कडेला प्रत्येकासाठी एक खूण केली.

जावयाने बघून शाबासकी दिली. मला ती चावली.

गुरुवार, १३

आज लाथा सातच भरल्या. पूर्ण तास. दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मशीनवर ठोके ऐकवले, टापांसारखे, ठणठणीत. एखाद्या दिवशी झोपाळू असतं म्हणाल्या. लेक येताना पोटावरचा हात काढेना. तिचं लक्ष वळावं म्हणून तिच्याजवळ बसून विणत राहिले. दोन फेऱ्या. दोन्हींत एकेक जास्त, दोन्ही लपवले. चीड येते, पण आता हात आपोआप चालतो.

शुक्रवार, १४

पाच.

पुन्हा दवाखाना. ठोके ठीक. आता रोज या म्हणाल्या. लेक वही उघडते आणि मिटते. उठताना आता घोषणा करत नाही.

माझ्या कागदावर पाच खुणा आहेत. काल तिची वही आणि माझा कागद एकाच टेबलावर होते. तीन खुणा झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सात लाथा. पाच झाल्या, आज पाच. बेरीज दहा.

हे लिहिताना माझाच मला संताप येतोय. असल्या बेरजा मांडून बायांना घाबरवणाऱ्यांना मी भर सभेत उभं करून उत्तरं मागितली आहेत. दोन आकडे शेजारी आले म्हणजे नातं होत नाही. हे मी शेकडो वेळा सांगितलंय, व्यासपीठावरून, टाळ्या घेऊन.

शनिवार, १५

भीतीला एकच औषध: तिच्या तोंडावर जाऊन उभं राहणं. सकाळी बसले ती उठलेच नाही. जावई लेकीला दवाखान्यात दाखवून आला: लाथा पाचच, ठोके ठीक. उरलेल्या पाच फेऱ्या एका बैठकीत. पाच वेळा सदतीस, पाच वेळा लपवला, पाच खुणा. मग कमी करत गेले, कापूस ठासला, तोंड बंद केलं. धाग्याचं टोक मोठ्या सुईने पोटातून आरपार ओढून आत दडवलं. मलाही सापडणार नाही इतकं सफाईदार.

पाय, कान, नाकपुड्या लावायच्यात. पण झाला. टेबलावर बसलाय. उद्या तिच्या दहा लाथा भरतील आणि मी स्वतःला दोन थोबाडीत मारेन.

हातात घेतल्यावर वाटतो त्यापेक्षा जड आहे. कापूसच जास्त झाला असेल.

रविवार, १६. दुपार

एकही नाही.

तास झाला. मग अजून अर्धा. लेक माझ्याकडे बघत होती, मोजत नव्हती. जावयाने तिला उचलल्यासारखंच खाली नेलं. मला म्हणाला, आई, पिशवी भरून मागून या, गाडीत जागा ठेवत नाही, तिला आडवी करतो.

पिशवी भरली. टॉवेल, झबली, तिची वही. आणि मग टेबलावर—

तो हलला.

कापूस बसतो, वजन सरकतं. मी तसंच म्हणाले, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. मग तळहात ठेवला. आतून लाथ. मघाशी तिच्या पोटावर हात ठेवून वाट बघत होते, तीच लाथ.

मोजल्या. दहा.

दोन वाजून गेले

कात्री आणली. पातं टेकवलं तिथून त्याचं पोट आत सरकलं. अंग चोरून घ्यावं तसं. नाही कापता येणार. आत काय आहे ते माहीत असताना कोण—

उसवायला हवं. जसं विणलं तसंच, उलट, टाक्यामागून टाका. टोक सापडत नाही. माझीच सफाई! शिंपीणबाईंना हाक मारली. दुकान बंद, रविवार.

जावयाचा फोन. ठोके मंद आहेत. तुम्ही निघालात का? म्हणाले, निघते. खोटं. ज्या घरात मी खोटं बोलायला शिकले—

टोक सापडलं. दातांनी.

पावणेतीन

तोंड उघडलं. कापूस गरम आहे.

बारा. अठरा. चोवीस. तीस. आता पोट. पहिला लपवलेला सुटला. फोन केला. जावई ओरडला, आई, एक लाथ, आत्ता!

सांगू शकत नाही त्याला. कसं सांगणार? पुढची फेरी.

दुसरा सुटला. त्याने फोन चालूच ठेवलाय, नुसता आकडा सांगतो. दोन. मी इथे धागा ओढते. तीन. गाठ पडते, दातांनी सोडवते. चार. पाच. जावई रडतोय आणि हसतोय. मधूनच लेकीचा आवाज, की आईला म्हणावं आपली पाणघोडी उठली.

सहा. सात. शाबास गं माझ्या बाई.

आठ.

नऊ.

दहा! दहा भरल्या. डॉक्टरीणबाई म्हणतात ठोके टापांसारखे. मी जमिनीवर बसलेय. पायांभोवती राखाडी लोकर, सगळी कुरळी. तीन-चार ओळी लिहिते आणि निघते. हात थांबले की रडू येईल म्हणून लिहितेय.

सव्वातीन

फक्त गोल बूड उरलंय. सहावी फेरी. अर्धवट सोडायचं नाही, मुळापर्यंत. सदतीस मोजून सुटले. तीस. चोवीस. अठरा. बारा. सहा. कडं ओढलं, सुटलं. संपलं. हातात नुसता धागा.

पण तो एक जास्तीचा. दर फेरीला माझ्यासमोर येऊन बसायचा तो. तो माझा नव्हता, लेकीचाही नव्हता. मी विणायला घेण्याआधीपासून या लोकरीत होता. त्या आधीच्या बाईने तो तिच्या अर्धवट वाटीत तसाच ठेवून दिला होता, फळीवर, न उसवता. जाणूनबुजून. आणि मी—

आता इथे काही उरलं नाही. मग तो—

फोन. जावई. आवाज हसरा, जरा गोंधळलेला. म्हणतो, आई, गंमत ऐका, मशीन बिघडलंय बहुतेक. एका ठोक्यामागून दुसरा ऐकू येतोय, बारीक, जरा मागे. तीनदा तपासणीत एकच बाळ दिसलं होतं ना, म्हणून मोठ्या डॉक्टरांना बोलावलंय. मी म्हणाले, पुन्हा मोजा. म्हणाला, मोजले, आई, चार वेळा मोजले, दर वेळी एक जास्तच—