रेघ एकाची, बाजू दुसऱ्याची

सोमवार, ३ तारीख
आज दुपारी ताईकडे येऊन पोहोचलो. माझी पेटी भाऊजींनी एका हातानं उचलली आणि विचारलं, यात काय विटा भरून आणल्यास? मी म्हटलं, कपडे आणि शब्दकोश. तेव्हापासून ते मला मास्तर म्हणताहेत. सातवीतून शाळा सुटलेला मास्तर! पण राग आला नाही. खाली त्यांचा सुतारकामाचा कारखाना, वर घर, मधे तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. माझं काम सोपं आहे. गिऱ्हाइकाकडे जाऊन दारं-खिडक्यांची मापं घ्यायची आणि स्वच्छ अक्षरात लिहून ठेवायची. भुशाचा वास मला फार आवडला.

ताईला दोन मुलगे. थोरला दहाचा, धाकटा आठचा. शिवाय चिमी, साडेतीन महिन्यांची. मी आत पाऊल टाकताच दोघांनी माझा एकेक हात धरला. मामा माझ्या खोलीत झोपणार, नाही, माझ्या पलंगाजवळ झोपणार, असं म्हणत इतकं ओढलं की सदऱ्याची बाही उसवली. भाऊजी म्हणाले, सांभाळ रे, ही दोघं भल्याभल्यांना मामा बनवतात, तू तर आयताच आहेस. सगळे हसलो. माझ्यावरून आजवर कुणी भांडलं नव्हतं. फार बरं वाटलं.

बुधवार, ५ तारीख
या दोघांचं भांडण साधं नाही. आज केकचा एकच तुकडा उरला होता. थोरल्यानं धाकट्याचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. धाकट्यानं त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की दातांच्या खुणांत रक्त साचलं. ताई चिमीला पाजत होती, ती तिथूनच ओरडत राहिली. भाऊजी लाकडी पट्टी घेऊन वर आले आणि दोघांना सडकून काढलं. मार खातानाही दोघांची नजर त्या तुकड्यावरच होती.

भांडण मला बघवत नाही. म्हणून मी मधे पडलो आणि एक नियम घालून दिला. वाटणीची रेघ एकानं मारायची, बाजू दुसऱ्यानं निवडायची. रेघ मारणारा लबाडी करणारच नाही, कारण मोठा भाग समोरचा उचलेल. थोरल्यानं पट्टी लावून केक मापला, सुरीनं रेघ ओढली आणि कापला. धाकट्यानं दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं, पाच मिनिटं विचार केला, मग डावा तुकडा घेतला. भांडण मिटलं! ताईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

शनिवार, ८ तारीख
घर शांत आहे. कारखान्यात फळीवर रेघ मारायला गेरू लावलेली दोरी असते. ती ताणायची, मधोमध उचलून सोडायची, की टणकन सरळ रेघ उमटते. मुलांनी ती मागून घेतली आणि आपल्या खोलीची फरशी वाटून घेतली. मग कपाट, मग चादर. चादर खरोखरच कापली. ताई म्हणाली, जाऊ दे, चादर फाटली पण डोकी शाबूत आहेत ना. भाऊजी म्हणतात, नव्याचे नऊ दिवस. तरी खूश होऊन त्यांनी आपली जुनी लहान करवत पोरांना दिली. सुताराच्या पोरांचे हात चालायला हवेत, म्हणाले.

मंगळवार, ११ तारीख
माझा फोन दोघांना हवा होता. आज तो त्यांनी कापला. दोघांच्या खिशात एकेक अर्धा सापडला. मी दोन्ही मापले. तसूभरही फरक नाही.

मी खूप रागावलो. दोघांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग धाकट्यानं शांतपणे विचारलं की मामा, भांडलो तर नाही ना आम्ही? मी दोन्ही अर्धे पेटीत टाकून दिले.

शुक्रवार, १४ तारीख
मुलांचा एक पांढरा ससा आहे. आज त्याच्या अंगावर गेरूची रेघ दिसली. नाकापासून शेपटीपर्यंत, सरळ. मी ओल्या फडक्यानं पुसली. ससा माझ्या हातात थरथरत होता. ताईला सांगितलं तर म्हणाली, खेळतात रे, तू म्हणजे अगदी भित्रा ससाच आहेस. करवत काढून घ्या असं भाऊजींना सांगायचं ठरवलं होतं. ते कामावरून उशिरा आले. उद्या सांगेन.

शनिवार, १५ तारीख
उशीर झाला.

पिंजरा रिकामा होता. कारखान्यातल्या टेबलाखालचा भुसा लाल होऊन गोळे गोळे झाला होता. शेजारी दोन खोकी, झाकणं लावलेली. उघडायला नको होती. थोरल्याच्या मनगटावर नखांचे खोल ओरखडे आहेत, म्हणजे ससा शेवटपर्यंत जिवंत होता. मी तिथेच ओकलो.

भाऊजींना खोकी दाखवली. त्यांनी पट्टी उचलली आणि ती मोडेल की काय असं मारलं. थोरल्याला सात, धाकट्याला सहा. रडलं कुणीच नाही. धाकटा म्हणाला, बाबा, मला एक कमी पडली. भाऊजींचा हात खाली आला. त्यांच्या हातातली पट्टी थोरल्यानं घेतली आणि सातवी त्यानं मारली. सगळ्यांत जोरात. धाकटा म्हणाला, आता बरोबर झालं.

भाऊजींनी सगळी हत्यारं कपाटात घालून कुलूप लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, मास्तर, हे काय शिकवून बसलास रे.

सोमवार, १७ तारीख
इस्पितळात आहे. सकाळी जिना उतरताना सातवी पायरी पायाखालून गेली. डावी मांडी मोडली. हाड बाहेर आलं होतं, ते मी पाहिलं.

पायरी खालच्या बाजूनं मधोमध अर्धवट कापलेली होती. भाऊजी म्हणतात, शुक्रवारीच कापली असणार, कुलूप लावायच्या आधी. दोघं मला बघायला आले होते. थोरल्यानं समजावून सांगितलं की तेरा पायऱ्या, सहा माझ्या, सहा याच्या, एक उरते. उरलेलीचं दुसरं काय करणार?

शुक्रवार, २१ तारीख
घरी आणलं. कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टर. उठता येत नाही.

ताईची बाळंतपणाची रजा संपली. सोमवारपासून तिला दुकानात कामावर जावं लागणार, भाऊजींना बाहेरगावी दारं बसवायची आहेत, मुलांना शाळेला सुट्टी. ताई म्हणाली, तू पडूनच आहेस, चिमीचा पाळणा तुझ्याजवळ ठेवते, शेजारीणबाई मधूनमधून डोकावतील. मी हात जोडले. चिमीला इथे ठेवू नकोस म्हणून रडलो. ती चिडली. म्हणाली, एका सशावरून, एका पायरीवरून किती दिवस? माझी पोरं आहेत ती, राक्षस नाहीत. मग डोळे पुसून म्हणाली, हत्यारं कुलपात आहेत ना.

रविवार, २३ तारीख
आज चिमी दोघांना हवी होती. धाकट्यानं तिला उचललं, थोरल्यानं तिचे पाय धरले. ओढलं नाही. पूर्वी ओढलं असतं. एकमेकांकडे नुसतं पाहिलं आणि थोरला पट्टी आणायला गेला.

मी ओरडलो. ताई धावत आली. तोवर ते डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेत होते. ताई हसली. चिमीला म्हणाली, अगं बाई, केवढी वाढली ते बघताहेत होय दादा!

सोमवार, २४ तारीख, सकाळ
ताई दहाला गेली. पाचला येणार. पाळण्याची दोरी माझ्या खाटेला पक्की बांधून घेतली आहे. पायाची कळ असह्य आहे, पण गोळी घेणार नाही. गोळीनं झोप येते.

अडीच वाजता
झोपलो होतो. धाकट्यानं आणलेलं दूध कडू लागलं होतं, माझ्याच गोळ्या त्यात, तेव्हाच कळायला हवं—

डावं मनगट शिकंज्यात आहे. लाकूड पकडायचा लोखंडी शिकंजा, खाटेच्या लाकडाला आवळलेला. पिळायचा दांडा काढून नेला आहे. बोटं काळीनिळी. उजवा हात मोकळा आहे. धाकट्यानं ठेवायला लावला. मामाला लिहायचं असतं, म्हणाला.

कपाटाचं कुलूप तसंच आहे. बिजागऱ्या उखडल्या.

ओरडलो. शेजारीणबाईंनी दार वाजवलं. थोरल्यानं बाहेर जाऊन गोड आवाजात सांगितलं की मामाचा पाय दुखतोय. त्या गेल्या. परत ओरडलो तर चिमीच्या गळ्याशी पटाशीची धार— आता ओरडत नाही.

सव्वातीन
चिमीच्या झबल्यावर रेघ. कपाळावरही. दोरीचा फटका बसला तेव्हा ती हसली. तिला खेळ वाटला.

मी बोललो. आवाज कापू दिला नाही. म्हटलं, चिमी एवढीशी, वाटून काय हाती येणार? मी मोठा आहे. पहिल्या दिवशी कुणासाठी भांडलात? आधी मामा वाटून घ्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

थोरल्यानं तिला परत पाळण्यात ठेवलं. पांघरूण नीट घातलं.

पावणेचार
माझ्यावर रेघ मारली. कपाळ, नाक, छाती. प्लास्टरवर नीट उमटली नाही म्हणून पुन्हा मारली. आता धाकट्यानं निवडायचं. तो आधीच सावकाश. वेळ घे राजा.

डावीकडे वळला की सांगतो, तो पाय मोडका आहे. उजवीकडे वळला की सांगतो, काळीज डावीकडे असतं. पुन्हा विचारात पडतो. सव्वा तास. एवढं पाहिजे.

चार वीस
थोरल्याला कंटाळा आला. करवतीचे दात बोटानं तपासतो आहे. धाकट्याला म्हणाला, आटप, नाहीतर चिमी. मी म्हटलं, घाई केलीस तर फसशील, नीट बघ— तो बघतो आहे—

चार पस्तीस
चिमी उठली. रडू नको ग. आई येईल. येईलच.

निवडलं. उजवी.

पंचवीस मिनिटं. खांद्यापासून नको, शिकंज्यातल्या हाताच्या बोटांपासून सुरू करा म्हटलं. एकेक. सावकाश. माप चुकायला नको. थोरल्याला पटलं. लहान बोट आधी—

एक—

अक्षर वाकडं येतंय. दुसरं ध—

चिमी गप्प झाली. पाळणा हलतो आहे. बरी आहे.

जिन्यावर काही वाजलं? सातवी पायरी नवी आहे, ती वाज—

थोरला पुढे सरकला. धाकटा त्याचा हात धरतो आहे. म्हणतो, थांब रे दादा, मामाचं वाक्य तरी पुरं हो—