आपल्या गल्लीचं सोडून

६ जानेवारी, मंगळवार

झालं! शेवटी माझ्याच गळ्यात पडलं.

गावातल्या गटांना, मंडळांना, संस्थांना नगरपरिषद वर्षातून एकदा अनुदान देते. या वर्षी ते कुणाला द्यायचं, हे म्हणे गावानंच ठरवायचं. मुख्याधिकारी साहेब नवीन आहेत, उत्साही आहेत. ‘ज्योतीताई, गल्लोगल्लीच्या बायका तुम्हालाच ओळखतात. समिती तुम्हीच चालवायची.’ म्हणजे सतरंज्या मी टाकायच्या, चहा मी सांगायचा आणि शिव्याही मीच खायच्या.

अर्ज आलेत अकरा. पैसे जेमतेम चार कामांना पुरतील.

अकरातला एक अर्ज ‘अंगण’चा. स्नेहलनं तो माझ्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. शहाणी आहे. ती एका पत्र्याच्या शेडमध्ये चालता-बोलता न येणारी चौदा लेकरं दिवसभर सांभाळते, शिकवते. शेडवाल्याला मार्चमध्ये जागा मोकळी हवीय. अनुदान मिळालं तर दुसरी जागा, नाही तर अंगण बंद. आणि त्या चौदात माझी लेक ज्ञानू आहे. अंगण नव्हतं तेव्हा आम्ही तिला घरात ठेवून बाहेरून कडी लावून कामाला जायचो. अकरा वर्षांची झालीय आता. ते दिवस मला पुन्हा नकोत. नकोच!

साहेबांना सगळं सांगून टाकलं. ‘तुम्ही बोलायचं नाही, मत टाकायचं नाही, मोजायचं नाही. बस,’ म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. पण तोंड शिवून बसणं मला जमत असतं तर अजून काय पाहिजे होतं!

९ जानेवारी, शुक्रवार

पहिली बैठक. सात गल्ल्या, प्रत्येकीची पाच माणसं. सगळ्यांत पुढच्या खुर्चीत उत्तमराव — माजी नगरसेवक, तालमीचे वस्ताद, आवाज असा की माईक लाजावा. ‘ज्याची मान्सं जास्ती त्याचं काम पयलं. त्यात कसला इचार करायचा?’

आजवर तसंच चालत आलंय. ज्याची माणसं जास्ती त्यांना स्पीकर, त्यांना गाद्या, त्यांना कमान. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यायचं.

तेवढ्यात मागून आवाज. ‘मी बोलू का?’ छबूबाई! भीमनगरच्या. तीस वर्षं आमच्या नगरपरिषदेत सफाई कामगार होत्या, आता रिटायर. साहेबांनी त्यांना समितीत घेतलं तेव्हा ऑफिसात दोघं-तिघं गालात हसले होते.

‘मी तीस वर्सं समद्यांच्या दारात झाडलंय,’ त्या म्हणाल्या. ‘कुनाच्यात काय न्हाई, मला ठावं हाय. तुमाला तुमच्या गल्लीच्या पल्याडचं ठावं न्हाई. म्हनून दोन गोष्टी करा. बघितल्याबिगर कुनी मत टाकायचं न्हाई. आन ज्या कामात आपल्या गल्लीचं मानूस हाय, त्याला टाकायचंच न्हाई. दुसऱ्याचं बघायचं.’

मग उत्तमराव, ‘मंग आमच्या तालमीला कोन टाकनार?’

‘दुसऱ्या गल्लीची लोकं. चांगली असंल तर टाकतील की!’

बायका अशा हसल्या म्हणता! उत्तमरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माणूस दिलाचा. दोन मिनिटं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘व्हय. ठरलं.’

काय बाई आहे ही! मी समूह संघटक, माझ्याकडे प्रशिक्षणाची तीन सर्टिफिकिटं आहेत, आणि हे मला सुचू नये? आल्या आल्या तो नियम माझ्या चांगल्या अक्षरात लिहून काढला आणि बोर्डावर लावला.

१२ जानेवारी, सोमवार

ज्ञानूला सर्दी. ऑफिसात प्रिंटर बंद. कांदे नासके निघाले. अजून काही?

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत पार पडली. मी मतपत्रिकांचा नमुना करून नेला होता, छान रकाने वगैरे. छबूबाईंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. ‘निम्म्या बायांना वाचता येत न्हाई. त्या दुसऱ्याला इचारून खुना करनार. मंग मत कुनाचं झालं? संक्रांतीची सुगडं घरोघर पडल्यात की. तीच आना. एकेकाला तीन चिंचोके द्या, वाटलं तर तिन्ही एकातच टाकू द्या.’

अकरा कामं, अकरा सुगडं, प्रत्येकावर चित्र. चित्रं मीच काढली. गोरक्ष कारखान्यातून आला, चहाचा कप घेऊन बघत बसला. ‘ह्यो नळ हाय का हत्ती?’ नवऱ्यांना बोलायला काय जातं! तालमीला गदा, अभ्यासिकेला पुस्तक, मार्केटच्या बायकांच्या मांडवाला छत्री. अंगणाला काय काढावं कळेना. मग ज्ञानूचा हात रंगात बुडवून सुगडावर टेकवला. तिला लई मजा आली. रंग भिंतीला, मला, गोरक्षच्या शर्टाला. हत्ती म्हणाला होता ना? घे!

१८ जानेवारी, रविवार

आज गाव हिंडलो. दुपारी दोनला, बायकांची कामं उरकल्यावर. ती वेळही छबूबाईंचीच. पस्तीस माणसं पायी.

मुलींची अभ्यासिका आधी. एक खोली, सहा खुर्च्या, वीस मुली. पाळीपाळीनं बसतात. बाकीच्या उभ्यानं पाठ करतात. उत्तमराव दारातच थांबले. ‘आमच्या गल्लीपासनं दोनशे पावलं न्हाई हे. आन मला ठावं न्हाई!’ हे ते तीनदा म्हणाले, तिसऱ्यांदा एवढ्या हळू की मला वाटलं यांचा घसा बसला.

मग कांदा मार्केट. तिथं कांदा निवडणाऱ्या बायकांना दुपारची भाकरी खायला सावली नाही, ट्रकच्या आडोशाला बसतात. मग भीमनगरचं वाचनालय. सोनार गल्लीच्या दोघी-तिघी तिथं आयुष्यात पहिल्यांदा आल्या होत्या. आधी चपला कुठं काढायच्या म्हणून घुटमळल्या, मग बसल्या त्या उठेनात. एकीनं घरी न्यायला पुस्तकही मागितलं.

आणि तालीम! आम्ही बायका तालमीत! उत्तमराव पुढं होऊन, ‘या की, या,’ करत होते, पण कान लाल झाले होते. छबूबाईंनी सगळं विचारलं. किती पोरं येतात, कुणाची, दूध कोण देतं. हातावर पोट असलेल्या घरांतली नऊ पोरं तिथं फुकट येतात आणि त्यांचं दूध उत्तमराव स्वतःच्या गोठ्यातून घालतात! हे कुणालाच माहीत नव्हतं. छबूबाई म्हणाल्या, ‘वस्ताद, येवढं मोठ्यानं बोलता, हे कधी बोलला न्हाईत.’ मी त्या माणसाला चौदा वर्षं नुसता आवाज समजत होते. मला लाज वाटली, खोटं कशाला लिहू.

शेवटी अंगण. मी बाहेरच थांबले. खिडकीतून दिसत होतं. स्नेहल सांगत होती, बायका आत शिरून कुणाच्या गालावरून हात फिरवत होत्या, कुणाचं नाक पुसत होत्या. ज्ञानूनं उत्तमरावांची टोपी ओढली. सोडेना! स्नेहल सोडवायला गेली तर ते म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. तिला शोभती माझ्यापेक्षा.’ आणि पस्तीस माणसांदेखत बोडक्या डोक्यानं घरी गेले.

छबूबाई बाहेर आल्या तेव्हा पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्याशी काही बोलल्या नाहीत. बोलायचं नाही हे ठरलेलंच आहे. पण मला कळलं ते कळलं. मिळणार!

२२ जानेवारी, गुरुवार

मनातल्या मनात चिंचोके मोजतेय. पस्तीस त्रिक एकशेपाच. त्यातले वीस तरी? पंधरा? भाजीत दोनदा मीठ पडलं.

२५ जानेवारी, रविवार

एकही नाही.

सगळं इतकं छान झालं की काय सांगू. हायस्कूलच्या मधल्या खोलीत सुगडं मांडली. एकेकानं आत जायचं, टाकायचं, बाहेर यायचं. कुणी कुणाला विचारलं नाही, दटावलं नाही. म्हातारी माणसं देवळात जावीत तशी हात धुऊन आत जात होती. असं मतदान मी बघितलं नव्हतं.

मग सगळ्यांसमोर मोजणी. छबूबाई सुगड उपडं करणार, उत्तमराव मोजणार. अभ्यासिका एकतीस! मुली बाहेर उभ्या होत्या, त्यांनी जो कल्ला केला! मार्केटचा मांडव चोवीस. तालीम एकोणीस. होय, तालमीला दुसऱ्या गल्ल्यांनी एकोणीस टाकले. उत्तमराव मोजताना मध्येच थांबले आणि पाणी प्यायले. वाचनालय पंधरा. बाकीच्यांना दोन, तीन, चार.

हाताचं सुगड छबूबाईंनी उपडं केलं तेव्हा गलका चालूच होता. काही पडलं नाही. त्यांनी आत बोट फिरवून बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि ते बाजूला ठेवून पुढचं उचललं. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी सतरंज्या गोळा केल्या. चहाचे कप गोळा केले. सगळ्यांना ‘या हं’ म्हणाले.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. जिलेबी. कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

एक! अहो, एक तरी! एकशेपाचातला एक! टोपी दिली, गाल कुरवाळले, डोळे पुसले — फुकट होतं तेवढं सगळं करून झालं. चौदा वर्षं या लोकांचे फॉर्म भरले मी. यांच्या बचत गटांची भांडणं मिटवली. आणि माझ्या पोरीसाठी एक चिंचोका निघाला नाही यांच्या हातून. आणि छबूबाई, तुम्हीसुद्धा? तुमच्याही तिनात तिला जागा नव्हती?

गोरक्ष म्हणतो, ‘लोकं वाईट न्हाईत गं. ध्यानात ऱ्हायलं नसंल.’ मी म्हटलं, मग तेच वाईट. त्याच्यावरही ओरडले. तो उठून ज्ञानूला भरवायला गेला.

राग उतरला की आपसूक कळतं म्हणा. अभ्यासिका मिळायलाच हवी होती. मांडवही. तालीमसुद्धा. त्यांतलं एक काढून अंगण घाला असं मला कुणी म्हटलं असतं, तर कुठलं काढलं असतं? कुठलंच काढवत नाही. छबूबाईंची पद्धत चोख आहे, त्यात मला खोट सापडत नाही. दोन दिवस शोधतेय.

स्नेहलचा फोन आला. पालकांना पुढच्या आठवड्यात सांगते म्हणाली. ती रडली नाही, मग मीही नाही रडले.

२९ जानेवारी, गुरुवार

आज यादीवर सह्या होत्या. मी खाली बघून चार नावं वाचली. उत्तमराव म्हणाले, ‘आन अंगन?’

‘त्याला एकही चिंचोका नाही.’

‘म्हंजे? आमी टाकनार कसा? आमच्या गल्लीची दोन लेकरं हायेत तिथं. मला वाटलं बाकीच्यांनी टाकला.’ सोनार गल्लीची बाई उठली, ‘आमचं बी एक हाय.’ मग कुंभार गल्ली, पेठ, मोमीनपुरा, आमची गल्ली. सातही! छबूबाई शेवटी म्हणाल्या, ‘आमचा सम्राट हाय. सुगडात बोट घातलं तवाच मला कळलं. पन मी सांगून काय उपेग? तुमा समद्यांच्या तोंडातनं यायला पायजे हुतं.’

नियम माझ्याच अक्षरात समोर बोर्डावर होता. चारही कामांच्या लोकांनी आपापल्या पैशातलं थोडं थोडं सोडलं आणि अंगण यादीत सगळ्यांत वर लिहिलं, नंबर न घालता. उत्तमराव म्हणाले, ‘घरच्या लेकरांना कुनी मतं टाकतं व्हय?’

लेकरं सात गल्ल्यांची होती. आणि मी आजवर माझं एकटीचं धरून बसले होते.